‘अडथळा’ नक्की कुठला? ब्लड-ब्रेन बॅरिअरला मराठीत काय म्हणावं?

दुपारपान: पक्षाघाताच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. आधी ‘रक्तप्रवाहात अडथळा’ आला, मग ‘रक्त-मेंदू अडथळा सैल होतो’. सासूबाईंना वाचायला दिलं, तर म्हणाल्या, “सैल झाला ना? सुटली बाई गुठळी!” अर्थ पार उलटा पोचला. पहिला अडथळा घात करणारा, दुसरा रक्तातलं नको ते मेंदूत शिरू न देणारा, राखण करणारा. दुसऱ्याला काय म्हणू? पर्मिएबिलिटी (आरपार जाऊ देण्याचा गुण) आणि अँटिऑक्सिडंट (ऑक्सिडीकरणाची इजा टाळणारा पदार्थ) हेही अडलेत.

कोशवाचक: रक्त-मस्तिष्क रोध, पार्यता, प्रतिऑक्सिडीकारक. शब्द आहेत, आपण वापरत नाही. ‘अर्धपार्य पटल’ शाळेत शिकलोच की.

रातपाळी: तिथे घडतं काय ते आधी पाहा. १८८५ साली पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. बाकी अवयव रंगले, मेंदू कोरा राहिला. तिथल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात. तुटलेला रक्तपुरवठा परत सुरू झाला की फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, उसळतात, पेशींमधले सांधे ढिले पडतात, पाणी आणि प्रथिनं आत झिरपतात. मेंदू सुजतो.

बांधावरून: मग ‘बांध’च म्हणा! बांध फुटण्याआधी पाझरतो. खालच्या अंगाची माती आधी गार लागते, ओल नंतर दिसते. वडील अनवाणी चालून ओळखायचे. पर्मिएबिलिटी वाढली म्हणजे पाझर वाढला.

कोशवाचक: पाझर ही क्रिया, पार्यता हा गुण. कोरड्या बांधालाही पार्यता असते. हा फरक पुसलात तर मराठीत विज्ञान लिहायचं कसं?

दुपारपान: पत्रक आयसीयूबाहेर बसलेली माणसं वाचणार आहेत हो. अँटिऑक्सिडंटला ‘गंजरोधक’ चालेल?

रातपाळी: नको. ‘रोधक’ म्हटलं की हमखास गुण येणार असं वाटतं. एनएक्सवाय-०५९ हे फ्री रॅडिकल्स टिपणारं औषध प्राण्यांत लागू पडलं होतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, तीन हजारांवर रुग्णांच्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. नातेवाईक आवळ्याचा रस घेऊन येतात आणि रुग्णाला घोटही गिळता येत नसतो. ठसका लागून रस फुप्फुसात जातो.

आजोळ: गंजापेक्षा ‘कळकणं’ घ्या, म्हणजे भांड्याच्या धातूनं आंबट पदार्थ बिघडणं. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं. अँटिऑक्सिडंट म्हणजे कल्हई!

कोशवाचक: कळकतं ते ताक, भांडं नव्हे. उपमा उलटी बसली.

बांधावरून: आमच्याकडे ‘कळंकलं’ म्हणतात, अनुस्वारासकट. ‘कळकट’ त्यातलाच असणार.

आजोळ: अनुस्वार मी कधी ऐकला नाही. आजी चिंचेची आमटीसुद्धा ‘कळकली’च म्हणायची.