तो काळा भागच तर फोटो आहे

इथे टाकलेल्या चितळाच्या फोटोवर एकांनी वर म्हटलंय की फोटो छान, पण अर्धा काळाच आलाय, थोडा उजळ करायला हवा होता. दादा, मला नेमका तो काळा भागच आवडला. सूर्य चितळाच्या मागे आहे, म्हणून कानांच्या केसांवर, पाठीवर आणि मखमली शिंगांवर ती सोनेरी कड उमटलीय. मागचं सागवान सावलीत आहे म्हणूनच ती दिसते. सावली उजळली असती तर उरला असता कॅलेंडरवरचा फोटो.

आणि हे आपोआप होत नाही. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतं. काळोखी पार्श्वभूमी दिसली की ते उजेड वाढवतं आणि अशी कड जळून जाते, म्हणजे नुसती पांढरी पडते. इथे एक्स्पोजर मुद्दाम एक-दीड स्टॉप खाली ओढलेलं, म्हणजे उजेड निम्मा किंवा त्याहून कमी केलेला असणार (माझा अंदाज हो!).

मे महिन्यात पेंचच्या जंगलात गेलेल्यांना ठाऊकच आहे. सागाची पानं गळलेली, साडेआठ वाजले की ऊन डोक्यात जातं आणि सगळं सपाट दिसायला लागतं. त्याआधीचा तासभर काय तो आपला. मी गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या गोरेवाडा तलावावर तीन रविवार घालवले, हाती लागला एक बगळा, तोही पांढराफटक. पिसं कुठे दिसतच नाहीत, नुसता खडू.

एक मात्र खटकलं, डावीकडची उजळलेली फांदी. नजर सारखी तिकडे जाते. क्रॉप करून बघितलं का?