एका टोल्यात गोल: ह्यूगो सांचेझचा १९८९-९० चा हंगाम आणि आपली मुरमाची मैदानं

मुरूम_मैदान

नमस्कार मंडळी. शालेय स्पर्धेसाठी १७ वर्षांखालच्या मुलांचा संघ तयार करायचा आहे. स्ट्रायकर पोरगं साडेपाच फुटांच्या आतलं, पळायला वारं. पण बॉक्समध्ये (गोलसमोरच्या आखलेल्या चौकोनात) बॉल आला की आधी थांबवतं, मग मान वर करतं, मग मारायला जातं. तोवर डिफेंडर बॉल घेऊन गेलेला असतो.

मेक्सिकोच्या ह्यूगो सांचेझनं रेआल माद्रिदकडून एका हंगामात ३८ गोल केले आणि सगळे एकाच स्पर्शात, असं सगळीकडं सांगतात. हे कितपत खरं? त्यातलं मुरमाच्या मैदानावर शिकवण्यासारखं काय आहे? दुसरं म्हणजे त्याची सायकल किक (पाठमोरं हवेत आडवं होऊन डोक्यावरून मारलेली) मोबाईलवर बघून लेकरं रोज पाठीवर आपटायलेत. शिकवावी की बंद करावी? आणि एवढा मोठा खेळाडू असून वर्ल्ड कपमध्ये त्याचं नाव का निघत नाही?

गोदाकाठचा_नऊनंबरी

३८ हा आकडा पक्का. ‘सगळे एका स्पर्शात’ यात थोडी मेख आहे, कारण पेनल्टीही त्यातच मोजल्यात. पेनल्टीला दुसरा स्पर्श कुठून आणणार? पण त्या बाजूला काढल्या तरी चालत्या बॉलवर एका टोल्यात मारलेले गोल ढीगभर उरतात, आणि तुमच्या पोराच्या कामाचे तेच आहेत.

उच्चार खरं तर ‘उगो’, म्हणून ‘गोल’ जोडून टोपणनाव ‘उगोल’. जन्म ११ जुलै १९५८, मेक्सिको सिटी. तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठाचा क्लब पुमास, त्यात १९७६ ला सुरुवात. त्याच वर्षी मॉन्ट्रियल ऑलिंपिक. बहीण त्याच ऑलिंपिकला जिम्नॅस्ट म्हणून गेलेली, आणि गोलनंतरची त्याची ती कोलांटउडी तिच्यासाठी असायची. खेळता खेळता त्याच विद्यापीठातून दातांच्या डॉक्टरकीची पदवीही घेतली.

१९८१ ला अ‍ॅटलेटिको माद्रिद. इथं आकडे नीट बघा, कारण लोक थेट रेआलवर उडी मारतात. लीगमधले चार हंगाम: ८, १५, १२, १९. पहिल्या वर्षी ८ गोल करणारा माणूस चौथ्या वर्षी स्पेनमध्ये सर्वाधिक गोल करून पिचिची पुरस्कार घेतो. म्हणजे ही कला जन्मजात अंगात होती असं म्हणून मोकळं होता येत नाही.

१९८५ ला रेआलनं उचलला. गावातल्या वैऱ्याला आपला स्ट्रायकर थेट विकला असं दिसायला नको, म्हणून कागदावर तो आधी पुमासला परत गेला आणि तिथून रेआलकडं आला. पुढं २२, ३४, २९, २७, ३८. यातल्या २७ च्या वर्षी पिचिची अ‍ॅटलेटिकोच्या बाल्ताझारनं ३५ गोल करून नेली, बाकी चारही सांचेझच्या. पाचही वर्षं लीग रेआलची, १९८६ चा युएफा कप वेगळा.

१९८९-९० मध्ये जॉन टोशॅकच्या त्या संघानं लीगमध्ये १०७ गोल केले. उजवीकडून मिचेलचे क्रॉस (बाजूनं गोलसमोर टाकलेले बॉल), डावीकडं मार्टिन वाझ्केझ, मध्ये शुस्टर, आणि डिफेंडरला नादी लावून जागा मोकळी करणारा बुत्रागेन्यो. असं ताट वाढलेलं असल्यावर ३८ होतात, हेही मान्य करावं लागेल. पण त्याच ताटावर बसून दुसऱ्या कुणाचे ३८ झाले नाहीत. तेल्मो झाराच्या १९५०-५१ च्या ३८ गोलांच्या विक्रमाशी बरोबरी झाली, तो आकडा २०११ पर्यंत कुणी ओलांडला नाही. युरोपातल्या लीगमध्ये सर्वाधिक गोलांसाठीचा गोल्डन शू त्या वर्षी सोफियाच्या स्टॉइचकोव्हबरोबर वाटून मिळाला, त्याचेही ३८ च होते. तेव्हा सांचेझ ३१ वर्षांचा होता. पुढं गुडघ्यानं दगा दिला आणि रेआलकडच्या शेवटच्या दोन हंगामांत १२ आणि २ वर आला. नंतरच्या रायो वायेकानो क्लबचे १६ धरून स्पॅनिश लीगमध्ये एकूण २३४.

मांजरा१०

वरचा इतिहास बरोबर आहे, आता मैदानावर या.

तुमच्या पोराची चूक बॉल आल्यावर होत नाही, बॉल यायच्या आधी होते. सांचेझचे जुने गोल बघताना बॉल बघू नका, झाकून टाका. क्रॉस मारणारा मान खाली घालतो, त्या क्षणी सांचेझ कुठं आहे ते बघा. बहुतेक वेळा डिफेंडरच्या पाठीमागं, जिथं डिफेंडरला बॉल आणि तो एकदम दिसत नाहीत. दोन पावलं दूरच्या पोस्टकडं, डिफेंडर वजन त्या पायावर टाकतो, आणि हा जवळच्या पोस्टकडं निघतो. जागेवर पोचतो तेव्हा खांदे अर्धे गोलकडं वळलेले असतात. मग दुसरा स्पर्श लागतोच कशाला?

सराव असा लावा. फक्कीनं पेनल्टी स्पॉट (११ मीटर) आणि गोलसमोरची साडेपाच मीटरची रेघ आखा. दोन्ही पोस्टच्या आत एकेक मीटरवर विटा ठेवा. पोस्ट आणि वीट यांच्यामधून गेलेलाच गोल मोजायचा, मधोमध गेलेला धरायचा नाही. एक जण टचलाइनच्या बाजूनं, गोलरेषेपासून ५-६ मीटर अलीकडून बॉल मागं ढकलणार. स्ट्रायकर स्पॉटच्या मागं उभा. बॉल मारणाऱ्याची मान खाली गेली की निघायचं, त्याआधी नाही. आधी निघालं की बॉलच्या पुढं जाऊन उभं राहतं, मग पाय मागं ओढून मारावं लागतं, आणि सामन्यात वर ऑफसाइड.

८ बॉलचे ५ सेट, मध्ये ४५ सेकंद. पहिले दोन सेट डिफेंडरशिवाय, तिसऱ्यात डिफेंडर फक्त उभा, शेवटच्या दोनात खरा. ४० पैकी एका टोल्यात किती, ते वहीत लिहा. ‘आज बरं मारलं’ याला काही अर्थ नाही.

टोला म्हणजे पाय फिरवणं नव्हे. जोरात आलेल्या बॉलला फक्त दिशा द्यायची. पायाची आतली बाजू, बोटं वर, घोटा कडक. टेकवलेला पाय बॉलच्या रेषेत. तो मागं राहिला की अंग मागं झुकतं आणि बॉल शाळेच्या कंपाउंडबाहेर. मुरमावर बॉल शेवटच्या क्षणी टप्पा बदलतो, म्हणून बुटाच्या टोकानं कधीच नाही. टप्पा पडून बॉल वर निघायच्या बेतात असतानाच मारायचा, गुडघा बॉलच्या वर ठेवून. टप्पा पूर्ण उठेपर्यंत वाट बघितली की कुठं जाईल भरोसा नाही.

बॉलमध्ये हवा किती भरता? नियमात साधारण ८.५ ते १५.६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) बसतं. आपल्याकडं पंपवाला दगडासारखा टणक करून देतो. कडक मैदानावर ९ च्या आसपास ठेवा, उसळणं तिथंच कमी होतं. आणि लांब स्टडचे बूट खडकावर नकोत, छोट्या रबरी स्टडचेच घ्या.

मुरूम_मैदान

बॉल कडक होता हे खरंच आहे, आजच कमी करतो. पण आमच्याकडं मिचेल नाही ना. क्रॉस मारणारी दोन्ही पोरं बॉल एक तर गोलकीपरच्या हातात देतात, नाहीतर थेट बाहेर.

मांजरा१०

मग उंच क्रॉस बंदच करा. तुमचा स्ट्रायकर बुटका आहे, त्याला उंच क्रॉसचा उपयोगही नाही. विंगरला (कडेनं खेळणाऱ्याला) एकच सांगा: गोलरेषेपर्यंत जा आणि जमिनीलगत मागं दे, स्पॉटच्या दिशेनं. डिफेंडर गोलकडं तोंड करून पळत असतात, मागं आलेला बॉल त्यांच्या पाठीमागून जातो. पावसाळ्यात काळ्या रानावर मात्र हे चालणार नाही, बॉल चिखलात रुतून मध्येच थांबतो. तेव्हा गुडघ्याच्या उंचीवरून द्यायचा.

बालाघाट_डिफेंडर

डिफेंडरच्या बाजूनं सांगतो, सांचेझपेक्षा चिचारितो दाखवा पोराला. हाविएर हर्नांडेझ, जन्म १९८८, ग्वादालाहारा. बापाचे डोळे हिरवे म्हणून त्याला ‘वाटाणा’ म्हणायचे, हा झाला ‘छोटा वाटाणा’. उंची सांचेझएवढीच, पावणेसहा फुटांच्या आसपास, पण सायकल किकची नाटकं नाहीत. मँचेस्टर युनायटेडमध्ये पहिल्याच हंगामात २० गोल. मे २०११ मध्ये चेल्सीविरुद्ध ३६ व्या सेकंदाला गोल. स्टोकविरुद्ध एक तर चक्क डोक्याच्या मागच्या बाजूनं. आणि २०१० च्या कम्युनिटी शील्डमध्ये (इंग्लंडमधला हंगामाच्या सुरुवातीचा सामना) स्वतःच मारलेला बॉल स्वतःच्या तोंडावर आपटून आत गेला. लोक हसले, पण तो बॉल आला तिथं उभा तोच होता ना.

मार्क करायला तो का जड जातो ते सांगतो. तो डिफेंडरच्या पुढं उभाच राहत नाही. सतत मान मागं वळवून बघतो, आणि डिफेंडर बॉलकडं बघायला मान वळवतो तेवढ्यात जागा बदलतो. तुमच्या पोराला सांगा, बॉल आपल्या विंगरकडं असताना तीनदा मागं बघायचं. मागं बसून कुणाला तरी मोजायला लावा. पहिल्या आठवड्यात शून्य निघेल.

मेक्सिकोकडून सर्वाधिक गोल त्याचेच, १०९ सामन्यांत ५२. त्याखाली हारेद बोर्गेत्ती ४६. सांचेझचे ५८ सामन्यांत फक्त २९.

मर्यादाही सांगायला हवी. चिचारितोला बॉल मिळाला नाही की तो मैदानावर दिसतच नाही. ज्या संघाला स्ट्रायकरनं खाली येऊन बॉल धरून ठेवायला हवा असतो, तिथं असा खेळाडू बाकावर जातो. शालेय संघात हा प्रश्न फारसा येत नाही.

गोदाकाठचा_नऊनंबरी

बोर्गेत्तीचं नाव काढलं म्हणून. २००२ च्या वर्ल्ड कपमध्ये इटलीविरुद्धचा त्याचा हेडर जरूर दाखवा. साथीदार ब्लांकोचा क्रॉस, इटलीचा डिफेंडर मालदिनी अंगाला चिकटलेला, आणि बोर्गेत्तीची गोलकडं जवळजवळ पाठ. त्यानं मान झटकून बॉल लांबच्या कोपऱ्यात घातला, गोलकीपर बुफॉन नुसता बघत राहिला. ताकद शून्य, फक्त दिशा. पायानं जे करायचं तेच त्यानं डोक्यानं केलं. पण हे १३-१४ वर्षांच्या लेकरांकडून रोज करून घेऊ नका, हेडरचा सराव थोडा आणि हलक्या बॉलनं.

शिट्टीवाला

सायकल किकबद्दल कुणीच बोलेना. मुरमावर बंद म्हणजे बंद. सांचेझचा गाजलेला गोल १० एप्रिल १९८८ चा, लोग्रोन्येसविरुद्ध, रेआलच्या बर्नाबेऊ मैदानावर. मार्टिन वाझ्केझचा डावीकडून क्रॉस, आणि हा पाठमोरा हवेत आडवा. तो गवतावर पडला आणि पडायचं कसं हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. आपल्याकडं पोरगं मागं पडताना हात ताठ टेकवतं आणि मनगट किंवा कोपर जातं. दुसरा प्रकार म्हणजे माकडहाडावर आपटणं.

शिकवायचीच तर शाळेच्या लांब उडीच्या खड्ड्यात, किंवा वस्तादांना विचारून तालमीच्या तांबड्या मातीत. पहिला आठवडा बॉल नकोच. उकिडवं बसून मागं लोळायचं, हनुवटी छातीला, कोपरं वाकलेली, अंगाचा भार पाठीच्या वरच्या भागावर. मग अर्ध्या उभ्या अवस्थेतून. मग तीन मीटरवरून कुणीतरी हातानं हळू बॉल टाकायचा. ज्या पायानं मारायचं त्याच पायानं उडी घ्यायची. दुसरा गुडघा आधी वर जातो, तो खाली यायला लागला की मारायचा पाय वर. दोन्ही पाय एकदम उचलले की माणूस सरळ ढुंगणावर. एका दिवसात ६ ते ८ पडण्या, जास्त नाही.

नियमाचंही सांगून ठेवा. सायकल किक मारणं हा गुन्हा नाही. पण जवळ प्रतिस्पर्धी असेल आणि त्याला धोका झाला तर अप्रत्यक्ष फ्री किक विरुद्ध जाते. पाय लागला तर थेट फ्री किक आणि कार्डही. गर्दीच्या बॉक्समध्ये शालेय रेफ्री बहुतेक वेळा शिट्टी मारतोच.

आता वर्ल्ड कप. सांचेझचे ८ सामने, १ गोल. १९७८ ला मेक्सिको तिन्ही सामने हरला. १९८६ ला घरच्या मैदानावर बेल्जियमविरुद्ध गोल केला, पण पॅराग्वेविरुद्ध शेवटी शेवटी पेनल्टी घालवली. १९९० ला तो फॉर्मच्या शिखरावर, आणि मेक्सिको स्पर्धेतच नाही. कारण काय, तर १९८८ मध्ये युवा संघात वय लपवून मोठी पोरं खेळवली, ते उघड झालं आणि फिफानं सगळ्याच संघांवर दोन वर्षांची बंदी घातली. ३८ गोलवाला माणूस टीव्हीवर वर्ल्ड कप बघत बसला, दुसऱ्यांनी खोडलेल्या जन्मतारखांपायी. तिकडं याला ‘काचिरुलेस’ प्रकरण म्हणतात. आपल्याकडं शालेय स्पर्धेत काय चालतं ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे, म्हणून नाव न घेता एवढंच: जन्मदाखले आधी तुमच्या हातानं तपासा.

१९९४ ला ३५ व्या वर्षी एकच सामना, नॉर्वेविरुद्ध. बल्गेरियाविरुद्ध अतिरिक्त वेळ संपला तरी प्रशिक्षकानं एकही बदल केला नाही. सांचेझ बाकावर, आणि मेक्सिको पेनल्टीवर बाहेर. त्यावर मेक्सिकोत अजून भांडणं होतात.

मुरूम_मैदान

दाखले उद्याच मागवतो. लांब उडीचा खड्डा आहे, पण वाळू पावसानं बसून दगड झालीय. वरून नवीन टाकली तर चालेल?

शिट्टीवाला

नाही चालणार. वर दोन बोटं नवीन आणि खाली टणक थर, हे मुरमापेक्षा वाईट, कारण पोरगं भरवशानं अंग टाकतं. कुदळीनं हातभर खोल उकरा, चाळणीतून काढून खडे आणि काचा वेगळ्या करा, मग त्यात नवीन मिसळा. सरावाआधी हलकं पाणी मारा म्हणजे धूळ डोळ्यात जात नाही. आणि रोज सुरू करायच्या आधी फावड्यानं एकदा वरखाली करायची. रात्री कुत्री तिथंच झोपतात.