मैदानाचं आरक्षण उठवलं. थेट हायकोर्टात जावं का?

घणसोलीचा रहिवासी: सोसायटीसमोरचा विकास आराखड्यात मैदानासाठी राखलेला भूखंड आता निवासी-वाणिज्य झालाय. सूचना छापून आली होती म्हणे, निविदांच्या गर्दीत मुंगीएवढ्या अक्षरांत! हरकतीचा महिना कधी सरला कळलंच नाही. माझं मत, आराखड्यातल्या या फेरबदलालाच आव्हान द्यावं. आमच्याच घणसोलीत क्रीडा संकुलाची २० एकर जागा होती, सरकारनं संकुल माणगाव तालुक्यात हलवायचं ठरवलं. २०२४ मध्ये हायकोर्टानं तो निर्णय रद्द केला, सुप्रीम कोर्टातही हायकोर्टाचाच निकाल टिकला.

पाचपाखाडी: दादा, एका निकालावर उड्या मारू नका. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम ३७ नुसार सूचना, हरकती, सुनावणी, शासनाची मंजुरी एवढं झालं की कोर्ट शक्यतो हात घालत नाही. कुठे मैदान नि कुठे दुकानं, किती एफएसआय म्हणजे भूखंडावर किती बांधकाम, हे धोरण झालं. ते न्यायाधीशांनी ठरवायचं असेल तर नगररचना खातं कशाला पोसायचं?

घणसोलीचा रहिवासी: सुनावणी झाली की उरकली, हाच तर मुद्दा आहे. माहिती अधिकारात कागद काढले. सात हरकती, सातही ठिकाणी एकच शेरा: ‘मान्य करण्याजोगी नाही’. कारण एकाही ठिकाणी नाही. एका आजींनी तर ट्रान्सफॉर्मरजवळ मुलं खेळतात म्हणून लिहिलं होतं, तिलाही तोच शेरा.

पाचपाखाडी: हे आधी सांगायचं ना! कारणाशिवाय हरकत फेटाळली हा मुद्दा चालेल. ‘मैदान हवं’ एवढ्यावर याचिका उभी राहत नाही.

कळव्याची वहिनी: तुम्हा दोघांना आरक्षण म्हणजे देवाचा प्रसाद वाटतो. माझ्या सासऱ्यांच्या जागेवर बागेचं आरक्षण होतं. ना बाग झाली, ना पैसे मिळाले, ना घर बांधता आलं. शेवटी त्याच कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस दिली. दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण गळून पडतं. आणि कोर्टाचं म्हणाल तर नवी मुंबईतलं दिघा आठवा. २०१५ मध्ये ९९ बेकायदा इमारतींवर कारवाईचा आदेश झाला. बिल्डर पैसे घेऊन मोकळे, रस्त्यावर कोण आलं?

घणसोलीचा रहिवासी: वहिनी, तुमची जागा स्वतःची होती, ही सार्वजनिक आहे. दिघ्यात परवानगीच नव्हती. दोन्ही इथे कशाला आणता?

कळव्याची वहिनी: कारण निकाल लागेपर्यंत घरं विकली जातात, भाऊजी. मग कोर्टालाही जड जातं.

पाचपाखाडी: वहिनींचं हे बरोबर आहे. जायचंच तर पाया खोदायच्या आधी जा. उशीर केलात तर पहिला प्रश्न तोच विचारतील.

घणसोलीचा रहिवासी: मंगळवारी भूखंडाभोवती पत्रे ठोकून गेले. याचिकेसाठीची वर्गणी सोसायटीतल्या ७२ पैकी ३१ जणांनी दिलीय, बाकीचे ‘बघू’ म्हणतात.