योकोहामाची लाल विटांची गोदामं: आई-बाबांसोबत अर्धा दिवस कसा आखावा?

प्रश्न
आई-बाबा तोक्योला येताहेत. दोघंही सत्तरीचे, शुद्ध शाकाहारी. शिबुयाहून त्यांना योकोहामाची 'आका-रेंगा सोको', म्हणजे लाल विटांची गोदामं, दाखवायचीयेत. खरेदीत कुणालाच रस नाही. बाबा सिव्हिल इंजिनियर, त्यांना मूळ बांधकाम बघायचंय. दुकानं थाटल्यावर जुनं काही उरलंय का? चालावं किती लागेल? जेवणाचं काय?

उत्तर १
शिबुयाहून तोयोको लाइनची मोतोमाची-चुकागाईला जाणारी थेट गाडी घ्या. 'तोक्क्यू' (जलद गाडी) असली तरी जादा पैसे पडत नाहीत. बाशामिचीला उतरलात की सहा-सात मिनिटांचं चालणं. या मार्गावर जेआर (जपान रेल्वे) पास मात्र चालत नाही.

पाय बरे असतील तर योकोहामाला गाडी बदला आणि जेआरने एकच स्टेशन पुढे साकुरागिचोला उतरा. तिथून 'किशामिची' हा पादचारी रस्ता सरळ गोदामांकडे जातो. बंदरात जाणाऱ्या मालगाड्यांचा हा जुना मार्ग. रूळ फरशीत बसवून तसेच ठेवलेत, आणि वाटेतले लोखंडी ट्रस पूल बाबांना नक्की थांबवतील. पूर्ण सपाट आहे. नाहीच जमलं तर स्टेशनसमोरून रोपवे आहे, पाचेक मिनिटांत निम्म्याहून जास्त अंतर वाचतं.

उत्तर २
जुनं भरपूर उरलंय, फक्त नजर दुकानांवरून काढून छताकडे न्या. तुळयांच्या मध्ये पन्हळी लोखंडी पत्रे दिसतील. लाकूड टाळलं ते आगीच्या भीतीने. जाडजूड लोखंडी दारंही त्याचसाठी.

क्रमांक २ ची इमारत १९११ ची, क्रमांक १ ची १९१३ ची. दोन्ही सरकारी जकातीची (कस्टम्सची) गोदामं, आराखडा त्सुमाकी योरिनाका यांचा. बाबांना सांगण्यासारखी खरी गोष्ट भिंतींच्या आत आहे: विटांच्या थरांमध्ये लोखंडी पट्ट्या घातल्यात. नुसतं वीटकाम दाब सोसतं, पण भूकंपाच्या आडव्या हिसक्यात ताण आला की सांध्यांत फाटतं. तो ताण या पट्ट्या घेतात. १९२३ च्या भूकंपात क्रमांक २ टिकली, क्रमांक १ चा जवळजवळ अर्धा भाग गेला. म्हणूनच आज ती दुसरीच्या निम्मी दिसते. दोन्हींच्या लांबीतला फरक बाहेरून बघितल्याशिवाय आत जाऊ नका.

बाजूलाच जुन्या जकात कचेरीचा फक्त पाया उरलाय. ती त्याच भूकंपानंतरच्या आगीत गेली. आता तिथे फुलझाडं लावलीत, त्यामुळे लोक बागच समजून पुढे जातात. शेजारी जुन्या बंदर स्टेशनचा फलाटही आहे.

उत्तर ३
दुकानं आणि हॉटेलं मुख्यतः क्रमांक २ मध्ये. 'निकु (मांस) नाही' एवढं सांगून भागत नाही. मिसो सूप, उदोन नूडल्स, सॉस यांत बहुतेकदा माशाची दाशी (उकळून काढलेला अर्क) असते, करीच्या मसाल्यात प्राण्यांची चरबी असू शकते, पुडिंगमध्ये जिलेटिन. मांस, मासे, दाशी, बेकन, जिलेटिन चालत नाही असं जपानीत लिहून फोनवर ठेवा आणि ऑर्डरच्या आधी दाखवा. तरी सोबत ठेपले-दशम्या असू द्याच.

उत्तर १ (पुन्हा)
एक राहिलं. शनिवार-रविवार टाळा, आणि नाताळच्या बाजारात तर काही दिवस मैदानात शिरायलाही तिकीट लागतं. परतताना उंचावरच्या पादचारी मार्गाने यामाशिता बागेकडे जा. १९२३ च्या त्याच भूकंपात योकोहामाकरांनी भारतीय व्यापाऱ्यांना आधार दिला, त्याच्या कृतज्ञतेपोटी त्यांनी बांधून दिलेली पाणपोई बागेत आहे. आधी ओसानबाशी धक्क्याच्या लाकडी गच्चीवर थांबा, प्रवेश मोफत. तिथून दोन्ही गोदामं एका फोटोत मावतात. उतार सौम्य आहे, पण पाऊस पडला असेल तर फळ्या निसरड्या होतात, आईंचा हात धरा.