गाडी तोंडाने लावावी की रिव्हर्सने? (अनुभव धागा)

स्टेपनी:
आज पार्किंगमधून मागे मागे निघणारी एक गाडी आणि तिच्यापायी दोन्ही बाजूंना तुंबलेली रांग दिसली, आणि हा जुना वाद परत आठवला. माझं मत आधीच सांगून टाकते. रिव्हर्स एकदा घ्यावी लागतेच, येताना नाहीतर जाताना. येताना आपण त्या जागेसमोरूनच आलेलो असतो, ती रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं, काचा स्वच्छ असतात. निघताना यातलं काहीच हाताशी नसतं. शेजारी कोण येऊन उभं आहे ठाऊक नसतं, मागच्या काचेवर दव किंवा पाणी असतं आणि सेडानला मागे बहुधा वायपरही नसतो. पुढची काच मात्र वायपर दोनदा फिरला की साफ. म्हणून येतानाच रिव्हर्स.
अपवाद बरेच आहेत, ते इथल्या जाणकारांनी लिहावेत. कारण आणि पद्धत दोन्ही लिहा.

अर्धाक्लच:
सहमत, आणि यामागे भूमितीही आहे. वळतात फक्त पुढची चाकं. पुढे जाताना मागचं आतलं चाक पुढच्यापेक्षा आतून कापत जातं. लहान गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवलेलं असताना हा फरक पाऊण ते एक मीटर भरतो. म्हणजे तोंड जागेत व्यवस्थित शिरतं, पण मागचा दरवाजा शेजारच्या गाडीच्या कोपऱ्याला जाऊन भिडतो. रिव्हर्समध्ये न वळणारी चाकं आधी आत जातात आणि वळणारी बाहेर मोकळ्या मार्गिकेत राहतात, त्यामुळे गाडी जवळपास जागच्या जागी फिरते. मार्गिका जितकी अरुंद तितका हा फायदा मोठा. मात्र रिव्हर्स घेताना नाक बाहेरच्या बाजूला बरंच झुलतं. सगळे मागे बघत बसतात आणि समोरचा कोपरा खांबाला लागतो.

मोगरा_७:
+१ नाक झुलण्याला. मागचे सेन्सर त्या कोपऱ्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

तिसरी_रांग:
हे सगळं पटतं हो, पण प्रत्यक्ष कुठे थांबायचं आणि स्टिअरिंग कधी फिरवायचं? तिथेच सगळं अडतं. कोणीतरी पायरीपायरीने लिहा ना.

अर्धाक्लच:
काटकोनातल्या जागेसाठी लिहितो. जागा डावीकडे आहे असं धरा, उजवीकडे असेल तर उलट.
रांगेपासून साधारण एक मीटर अंतर ठेवून हळू पुढे या. इंडिकेटर आधीच चालू. आपला खांदा जागेच्या मध्यावर आला की स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे मारा आणि गाडी साधारण 45 अंशांत तिरकी होईपर्यंत पुढे जा. थांबा. आता डाव्या आरशात जागेची जवळची रेघ किंवा शेजारच्या गाडीचा कोपरा दिसायला हवा. दिसत नसेल तर अजून थोडं पुढे.
रिव्हर्स टाका, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, आणि ब्रेकवर सोडत सोडत मागे. लक्ष एकाच गोष्टीवर: डावं मागचं चाक आणि त्या कोपऱ्यात निदान अर्धा मीटर राहतंय का. कमी वाटलं तर स्टिअरिंग थोडं सोडा, जास्त वाटलं तर पूर्ण मारलेलं राहू द्या. दोन्ही आरशांत गाडीची बाजू रेघेला समांतर दिसली की स्टिअरिंग सरळ. बहुतेक गाड्यांत पूर्ण मारलेल्यापासून सरळपर्यंत सुमारे दीड फेरी लागते, ती मोजून सवय करा.
वाकडी बसली तर मागेच खुडबुड करू नका. चाकं सरळ करून अर्धी गाडी बाहेर काढा आणि पुन्हा सरळ मागे घ्या. एका फेरीत सुटतं.

तिसरी_रांग:
जतन करून ठेवलं. मनापासून धन्यवाद!

डिकीभर_सामान:
दुसरी बाजू मांडते. सामान भरायचं असेल तर तोंडानेच लावा. हॅचबॅक किंवा एसयूव्हीचं मागचं दार वर उघडताना मागे जवळजवळ एक मीटर जागा खातं, आणि त्यापुढे माणसाला उभं राहायला जागा हवी ती वेगळी. भिंतीला पाठ लावून उभी केलेली गाडी म्हणजे डिकी बंद. मग ट्रॉली दोन गाड्यांच्या फटीतून ढकलत नेणार आणि दुसऱ्याच्या रंगावर ओरखडे पाडणार. समोरासमोरच्या दोन्ही जागा रिकाम्या असतील तर एकीतून सरळ दुसरीत पुढे जा. तोंड बाहेर, डिकी दुसऱ्या मार्गिकेच्या नाही पण रिकाम्या जागेच्या बाजूला, रिव्हर्स एकदाही नाही. फक्त मार्गिका एकेरी असेल तर तोंड उलट्या दिशेला होत नाही ना ते बघा.

मागचीकाच:
डिकीभर, तिरक्या जागांचंही लिहायला हवं होतं. रेघा तिरक्या असल्या की त्या एकाच पद्धतीसाठी आखलेल्या असतात. तोंडाने घालायच्या तिरक्या जागेत रिव्हर्स मारायची तर काटकोनापेक्षाही जास्त फिरवावं लागतं आणि बाहेर पडताना तोंड वाहतुकीच्या विरुद्ध. तिथे हट्ट करू नये.

काकडआरती:
मान पूर्ण वळत नसेल त्यांनी काय करावं? घरात ज्येष्ठ माणूस अजून गाडी चालवतं, स्पॉन्डिलायटिस आहे.

मागचीकाच:
त्यांच्यासाठी तर येताना रिव्हर्स जास्त बरी. येताना मागे फक्त एक ठरलेली, न हलणारी चौकट असते, ती आरसे आणि कॅमेऱ्यावर होते. निघताना मागून आडवी येणारी माणसं आणि गाड्या बघायला मान लागतेच. आरसे असे लावा: दोन्ही बाजूंचे थोडे खाली, मागच्या दाराचं हँडल आरशाच्या वरच्या आतल्या कोपऱ्यात आणि मागचं चाक जिथे जमिनीला टेकतं ती जागा खाली दिसेल इतके. काही गाड्यांत रिव्हर्स टाकला की आरसा आपोआप खाली झुकतो, ती सोय सेटिंगमध्ये बंद असू शकते, शोधून चालू करा. निघण्याआधी आरसे पूर्ववत करायला विसरू नका. आणि आरसा बहिर्वक्र असेल तर वस्तू आहे त्यापेक्षा लांब दिसते.
काळजी घ्या त्यांची. सीट थोडी उंच केली तरी मानेवरचा ताण कमी होतो.

काकडआरती:
सीटचं लक्षातच आलं नव्हतं. आज संध्याकाळीच करते.

पिवळा_दिवा:
कॅमेऱ्यावर विसंबणाऱ्यांसाठी थोडं. अमेरिकेत मे 2018 पासून नव्या हलक्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, आणि त्या नियमात दिसायलाच हवा असा भाग गाडीच्या लगेच मागचा सुमारे 3 मीटर रुंद आणि 6 मीटर लांब आहे. म्हणजे तो आहे मागे उभं असलेलं मूल दिसावं म्हणून, आडवी येणारी गाडी दिसावी म्हणून नव्हे. दोन उंच गाड्यांच्या मधून मागे निघताना तो तुम्हाला फार तर त्यांचे बंपर दाखवतो. आडव्या वाहतुकीचा इशारा देणारं रडार मागच्या बंपरच्या कोपऱ्यात असतं, त्यालाही शेजारच्या एसयूव्हीच्या आरपार दिसत नाही.
दुसरं, पडद्यावरच्या रंगीत रेघा जमिनीच्या पातळीवर मोजलेल्या असतात. जमिनीपासून वर अधांतरी पुढे आलेली वस्तू, उदाहरणार्थ ट्रकचा फळका किंवा भिंतीतला पाईप, रेघांवर लांब दिसते आणि असते जवळ. तिथे उतरून बघणे हाच उपाय.
सेन्सरचं: बारीक खांब, साखळी, जाळी यांच्यावरून आवाज नीट परतत नाही. बुटका कठडा लांबून कळतो, पण अगदी जवळ गेल्यावर सेन्सरच्या खाली जातो आणि बीप बंद होते. बीप थांबली म्हणजे अडथळा गेला असं धरू नका. चिखल बसला की सेन्सर उगाच ओरडत राहतो, बोटाने पुसला की गप्प.

मोगरा_७:
फळक्याचं एकदम खरं आहे. प्रत्येकाला सांगायला हवं.

चढावरचा:
उताराकडे कोणी वळलंच नाही. जागा मार्गिकेपेक्षा खाली उतरत असेल तर रिव्हर्सने लावणं सोपं, फक्त ब्रेकवर खाली सोडायची, आणि निघताना पहिल्या गिअरमध्ये समोर बघत चढायचं. जागा वर चढत असेल तर मॅन्युअल गाडी तोंडाने घातलेली बरी. चढावर रिव्हर्स, स्टिअरिंग पूर्ण मारलेलं आणि इंचाइंचाने सरकणं, यात क्लच जळतो. करायचीच असेल तर हँडब्रेक ओढा, क्लच पकडेपर्यंत सोडा, नाक किंचित दबलं की हँडब्रेक सोडा. क्लचवर गाडी तोलून धरू नका. वास आला तर हँडब्रेक लावून न्यूट्रल करा, क्लचवरून पाय काढा आणि थोडा वेळ थंड होऊ द्या.
लावून झाल्यावर तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअर. ऑटोमॅटिकवाल्यांनी क्रम पाळा: ब्रेकवर पाय, न्यूट्रल, हँडब्रेक, मग ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्या, आणि परत ब्रेक दाबून पी (पार्क). थेट पी केलं तर सगळं वजन गिअरबॉक्सच्या आतल्या एका लहान खटक्यावर येतं. निघताना पीमधून काढताना जो ठण्णकन आवाज येतो तो त्याचाच.

स्टेपनी:
चढावरचा, मस्त! हेच हवं होतं.

डिकीभर_सामान:
ओह, त्या ठण्ण आवाजाचं कारण हे होय. 

वीजवाला:
इलेक्ट्रिक असेल तर वरचा वाद बाजूला. सॉकेट कुठे आहे ते बघायचं. निसान लीफच्या पहिल्या दोन पिढ्यांना ते नाकावर आहे, टेस्लाला मागच्या डाव्या दिव्यापाशी. चार्जर जागेच्या डोक्याशी असेल तर लीफ तोंडाने, टेस्ला रिव्हर्सने. डीसी फास्ट चार्जरची केबल जाड आणि बहुधा आखूड असते, ती गाडीवरून ताणून आणली की कनेक्टरवर तिरका ताण पडतो आणि चार्जिंग मध्येच तुटू शकतं.
पेट्रोल-डिझेलवाल्यांसाठी: बॅटरी बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली असते. तोंड भिंतीला आणि बॅटरी उतरलेली, दोन्ही बाजूंना गाड्या, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घ्यायची जंप केबल पोचणार कशी? जास्त दिवस गाडी उभी राहणार असेल तर नाक बाहेरच ठेवा.

सदाफुली:
आणि मागे तळमजल्याची खिडकी असेल तर नाक आत घाला, प्लीज. गार इंजिन चालू करताना सगळ्यात घाण धूर निघतो आणि तो थेट आत जातो. सायलेन्सरमागे वाळलेलं गवत असेल तरी रिव्हर्स नको.

तिसरी_रांग:
मी रिव्हर्ससाठी थांबले की मागची गाडी बंपरला चिकटते. मग?

अर्धाक्लच:
जागा ओलांडायच्या आधीच वेग कमी करा, आणि थांबल्या थांबल्या रिव्हर्स टाका. पांढरे दिवे लागले की मागच्याला कळतं, इंडिकेटरवरून तो तुम्ही नुसत्या वळताय असं समजतो. तरी चिकटलाच तर पुढची जागा शोधा, वाद घालू नका.

खडीसाखर:
स्कूटरवाल्यांना पण जागा द्या की धाग्यात 🙂 उतारावर नाक खाली करून लावली तर परत काढणार कशी?

चढावरचा:
दुचाकीला बहुधा रिव्हर्स नसतो म्हणून तिथे नियम आणखी कडक. होंडाच्या गोल्डविंगला 1988 पासून स्टार्टर मोटरवर चालणारा रिव्हर्स मिळाला, कारण ती हाताने ढकलणं अवघडच. बाकीच्यांनी नाक चढाकडे, मागचं चाक उताराकडे. म्हणजे काढताना वजन स्वतःहून मागे येतं, फक्त पुढचा ब्रेक हातात ठेवा. साइड स्टँडवर लावताना गाडी स्टँडकडे कललेली राहील अशी बघा, मोटरसायकल असेल तर पहिल्या गिअरमध्ये. स्कूटरला गिअरचा आधार नाही, तेव्हा मेन स्टँड, आणि तोही शक्य तितक्या सपाट जागी. मऊ डांबर किंवा माती असेल तर स्टँडखाली चपटा दगड किंवा पत्र्याचा तुकडा ठेवा.

खडीसाखर:
ब्रेक लिव्हरला रबर बँड लावतात ते चालतं का?

चढावरचा:
डिस्क असेल तर थोड्या वेळापुरतं. रबर उन्हाने सैल होतं. चाकाखाली वीट बरी.