फोंडा–सांगे–केपे ग्रुप राइड: रस्ता आणि तयारीबद्दल सल्ला हवा

नवखा_फोंडेकर
नोव्हेंबरातल्या एका रविवारी इथे गोव्यात बारा जणांची सायकल राइड ठरतेय. फोंडा, शिरोडा, पंचवाडी, सावर्डे, सांगे, रिवण, केपे आणि मडगाव-बोरीवरून परत. निम्मे रोडबाइकवर (बारीक टायरची वेगवान सायकल), निम्मे हायब्रिडवर (थोड्या रुंद टायरची). दोघांनी 50 किमीच्या वर कधी मारलेलं नाही. रस्ता ठीक आहे का? सोबत गाडी घ्यावी का?

घाटवाट
जाताना ठीक, येताना बदला. केप्याहून मडगावात शिरूच नका. पारोडा, चांदर, कुडतरी करत राय गावाला या आणि फेरीबोटीने शिरोड्यात उतरा. बोरी पुलावरची ट्रकांची रांग टळते. पावसात पारोड्याचा रस्ता पाण्याखाली जातो, नोव्हेंबरात ती भीती नाही. फेरीच्या वेळा मात्र आदल्या दिवशी धक्क्यावर विचारा.

धक्क्याच्या उतारावर सायकलवर बसून जायचं नाही. ओहोटीला उघडा पडलेला पट्टा शेवाळाने हिरवा असतो आणि क्लीटचे (पेडलमध्ये अडकणाऱ्या टणक खाचेचे) बूट त्यावर साबणासारखे सरकतात. उतरा, सायकल हाताने न्या.

सावर्डे-कुडचडे भागात खनिजाचे टिप्पर असू शकतात. 2018 च्या खाणबंदीनंतरच्या मोकळ्या रस्त्यांच्या जुन्या वर्णनांवर विसंबू नका, कारण काही खाणी पुन्हा सुरू झाल्यात. रविवार निवडलात ते बरं केलंत.

चेन_ल्यूब
बारा जणांचा एकच घोळका नको. सहा-सहांचे दोन गट करा, मध्ये दोनशे मीटर ठेवा, म्हणजे मागची बस टप्प्याटप्प्याने पुढे जाईल. पुढच्या गटात रस्ता माहीत असलेला, दुसऱ्याच्या शेपटाला पंप आणि हत्यारं असलेला. कमी सराव असलेले ते दोघे पुढच्या गटात, दुसऱ्या-तिसऱ्या जागी. शेवटी टाकलेत तर प्रत्येक चढानंतर अंतर भरून काढण्यातच त्यांचे पाय संपतील. वळणावर पुढच्याने थांबायचं, मागचा दिसेपर्यंत.

ट्यूबचं गणित आधी करा. रोडबाइकची 700×25-32 ची (25 ते 32 मिमी रुंद टायरसाठीची) ट्यूब 38 मिमीच्या हायब्रिड टायरला लावली तर जास्त ताणून पातळ होते. दोन्ही मापांच्या ट्यूब घ्या. पंप प्रेस्टा (बारीक) आणि श्रेडर (मोटारसायकलसारखा जाड), दोन्ही व्हॉल्व्हला चालणारा हवा. चेनचा क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) स्पीडप्रमाणे, म्हणजे मागच्या गिअरच्या संख्येप्रमाणे वेगळा: दहा स्पीडचा अकरावर बसणार नाही.

पंक्चर झालेली ट्यूब काढून लगेच नवी घालू नका. टायरच्या आतून कापड फिरवा, ते अडकेल तिथे बघा. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसाएवढी तार रबरात रुतलेली असते आणि बाहेरून दिसत नाही. ती राहिली की पाच किलोमीटरवर हवा पुन्हा गेली. छोटा चिमटा ठेवा, नखाने निघत नाही.

रविवारची_राइड
सोबत गाडी लागत नाही, पण वेळ पाळा. पहाटे साडेपाचला निघा. सगळं धरून शंभरीच्या आत अंतर आहे, सरासरी 18 आणि दीड तासाचे थांबे धरले तर साधारण बाराच्या सुमारास परत. दुपारी एकनंतर आपला बाजार झोपतो, चारपर्यंत शटर उघडत नाही. रविवारी सायकलची दुकानंही बंदच धरा. म्हणून न्याहारी सांग्यातच उरका: भाजीपाव, चहा. मिरची भजीचा मोह पडला तरी एकच, पुढे रिवणचे चढ आहेत.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण लिटरात विरघळवा. पाऊण लिटरच्या बाटलीत टाकलं तर मिश्रण तीव्र होतं आणि पोट ढवळतं.

नवखा_फोंडेकर
रायहून येतो मग. हायब्रिडवाल्यांच्या टायरात हवा किती ठेवायची?

चेन_ल्यूब
टायरच्या कडेला किमान-कमाल छापलेलं असतं, त्याच्या मधोमध. कमालवर फुगवलीत तर अधूनमधून येणाऱ्या रंग न दिलेल्या गतिरोधकांवर हात सुन्न होतील.