मदत हवी आहे: रसायनशास्त्रातल्या महिला संशोधकांसाठीचे पुरस्कार (तातडीचं!)

घाईगडबड:
नमस्कार. रसायनशास्त्रात फक्त महिलांसाठी असलेले संशोधन पुरस्कार कुणाला माहीत आहेत का? गूगलून झालंय, तेव्हा कृपया तेच परत सांगू नका. सापडतं ते एक तर नुकती पीएचडी झालेल्या मुलींसाठीचं, नाही तर थेट नोबेलच्या पंगतीतलं. मधलं काही असतं की नाही? शुक्रवारपर्यंत नाव पक्कं करायचं आहे. फॉर्म मीच भरणार. आगाऊ धन्यवाद.

ऊर्ध्वपातन:
कुणासाठी? पीएचडी होऊन किती वर्षं झाली? ऑरगॅनिक, इनऑरगॅनिक, फिजिकल, काय? नागरिकत्व? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

बंडोपंत:
लॉरिअल-युनेस्कोचा महिला वैज्ञानिकांसाठीचा पुरस्कार. डोळे मिटून भरा. १९९८ पासून चालू आहे, पाच जणींना प्रत्येकी एक लाख युरो. बाकी सगळं किरकोळ.

ऊर्ध्वपातन:
बंडोपंत, डोळे उघडून वाचलंत तर कळेल की तिथे स्वतः अर्ज करायचा नसतो, दुसऱ्याने नामांकन करायचं असतं. शिवाय विषय आलटून पालटून. रसायनशास्त्राची पाळी विषम वर्षी, सम वर्षी जीवविज्ञान.

बंडोपंत:
मग अडा योनाथना २००८ ला कसा मिळाला? २००८ सम आहे, आमच्या वेळी तरी होतं.

ऊर्ध्वपातन:
कारण त्यांचं काम रायबोसोमच्या (पेशीत प्रथिनं बनतात तो भाग) रचनेवर होतं, ते जीवविज्ञानात बसलं. पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं ते मात्र रसायनशास्त्राचं. जनुक-संपादनवाल्या शार्पांटिए आणि डाउडना यांचंही तेच: लॉरिअल २०१६ ला, रसायनशास्त्राचं नोबेल २०२० ला. म्हणून तर शाखा विचारतोय. जैवरसायनवाली असेल तर दोन्ही दारं ठोठावता येतात.

घाईगडबड:
अहो, माझ्यासाठी नाही! मी अजून पीएचडीच करतेय. आमच्या मॅडमसाठी हवा आहे. ऑरगॅनिक. आता सांगा.

रेषेवरची:
मॅडमना माहीत आहे का?

घाईगडबड:
नाही. सरप्राइज आहे.

काडीपेटी:
मुळात बायकांसाठी वेगळे पुरस्कार हवेतच कशाला? मेरी क्युरींना १९११ चं नोबेल राखीव कोट्यातून मिळालं होतं का? गुणवत्ता असेल तर दिसतेच. वेगळा पुरस्कार म्हणजे 'बाई असून बरं काम केलंस' असं म्हणण्यासारखं आहे.

रेषेवरची:
त्याच १९११ च्या जानेवारीत फ्रेंच विज्ञान अकादमीने त्याच मेरी क्युरींना सदस्यत्व नाकारलं होतं. दिसणाऱ्याला दिसते हो गुणवत्ता. अणुविखंडनाचा उलगडा करणाऱ्या लीझे माइटनर यांचं नाव रसायनशास्त्राच्या नोबेलसाठी १९ वेळा सुचवलं गेलं, एकदाही मिळालं नाही. अणुविखंडनाचं १९४४ चं नोबेल मिळालं ते त्यांचे सहकारी ऑटो हान यांना एकट्याला. आपल्याकडचा विज्ञानाचा भटनागर पुरस्कार तर सगळ्यांसाठी खुला ना? रसायनशास्त्रात असीमा चटर्जींना १९६१ मध्ये मिळाला. त्यानंतरची बाई चारुसीता चक्रवर्ती, २००९. मधली ४८ वर्षं गुणवत्ता रजेवर गेली होती वाटतं.

काडीपेटी:
४८ वर्षांत किती बायका त्या विषयात होत्या, तेही मोजा की. भागाकार अर्धाच करायचा नसतो.

रेषेवरची:
किती होत्या यापेक्षा किती जणींना येऊ दिलं हे आधी मोजू या. कमला सोहोनींना (तेव्हाच्या भागवत) बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मिळावा म्हणून तिथले संचालक सी. व्ही. रामन यांच्याशी वाद घालावा लागला होता. पुढे १९३९ ला केंब्रिजची पीएचडी झाली.

पॉपकॉर्नवाला:
बसलो आहे. चालू द्या.

सुमनताई:
अवांतराबद्दल क्षमस्व, पण इथे जाणकार दिसत आहेत म्हणून विचारते. माझी मुलगी बारावीला आहे. केमिस्ट्री घेऊन पुढे स्कोप आहे का? तिला ॲसिडच्या वासाने शिंका येतात.

बंडोपंत:
आहे की! सुमनताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

निवृत्त ब्युरेट:
धागाकर्तीच्या प्रश्नाकडे वळतो. अमेरिकन केमिकल सोसायटीचं गार्व्हन-ऑलिन पदक बघा. १९३७ मध्ये पहिलं एमा पेरी कार यांना मिळालं. त्या एका महिला कॉलेजात शिकवत आणि अतिनील वर्णपटांचं काम विद्यार्थिनींना हाताशी धरून करत. म्हणजे शिकवणारीला मोठा पुरस्कार मिळत नाही, हे खरं नाही. मात्र नागरिकत्वाची अट आधी बघा, ते पदक अमेरिकन नागरिकांसाठी म्हणून सुरू झालं होतं.

घाईगडबड:
मॅडम अमेरिकन नाहीत.

ऊर्ध्वपातन:
हेच पहिल्या प्रतिसादात विचारलं होतं.

कार्बनकॉपी:
क्लारा इमरवार पुरस्कार सुचवतो. बर्लिनच्या उत्प्रेरण (कॅटॅलिसिस) संशोधनवाल्यांचा आहे. ऑरगॅनिकमध्ये कॅटॅलिसिस असेलच ना?

ऊर्ध्वपातन:
तो तरुण संशोधिकांसाठी आहे. मॅडमचं वय?

घाईगडबड:
या महिनाअखेरीस निवृत्त होत आहेत.

ऊर्ध्वपातन:
🙏 हे एकविसाव्या प्रतिसादात!

रेषेवरची:
थांबा. म्हणजे शुक्रवार ही कुठल्या पुरस्काराची मुदत आहे?

घाईगडबड:
पुरस्काराची नाही. निरोप समारंभाची पत्रिका शुक्रवारी छापायला जाते. त्यात 'अमुक पुरस्कारप्राप्त' असं लिहायचं होतं. मला वाटलं फॉर्म भरला की दोन आठवड्यांत कळतं. विभागात सगळ्या सरांच्या नावापुढे दोन दोन ओळी आहेत आणि मॅडमच्या नावापुढे नुसतं नाव. इतकी वर्षं एनएमआर यंत्र (रेणूची रचना ओळखायचं) त्यांनी सांभाळलं. सगळ्यांचे नमुने त्यांनी लावून दिले, पेपरात आभारसुद्धा नाहीत. मला राग येतो, बाकी काही नाही.

पॉपकॉर्नवाला:
पॉपकॉर्न खाली ठेवलं.

निवृत्त ब्युरेट:
बाळा, पत्रिकेचा नाद सोड. निवृत्तीनंतरही भरता येईल असं एक सांगतो. आयुपॅकचा (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना) 'डिस्टिंग्विश्ड विमेन इन केमिस्ट्री ऑर केमिकल इंजिनिअरिंग'. २०११ हे आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र वर्ष होतं, तेव्हा सुरू झाला, त्या वर्षी २३ जणींना दिला. दर दोन वर्षांनी देतात, कुठल्याही देशातल्या बाईला चालतो. आणि तुझ्या कामाची गोष्ट अशी की निकषांत नुसतं संशोधन नाही. अध्यापन, नेतृत्व, व्यवस्थापन यांतलं कामही धरतात. यंत्र सांभाळून विभाग उभा करणं त्यात बसतं, मांडता आलं तर.

मी निवड समितीत बसलेला माणूस आहे (दुसऱ्या एका, नाव विचारू नका). पत्रं वाचून कंटाळा येतो तो विशेषणांचा. पुरुषाच्या पत्रात 'पद्धत शोधली', बाईच्या पत्रात 'कष्टाळू, मनमिळाऊ, सर्वांना मदत करणाऱ्या'. तुझ्या मॅडमच्या पत्रात 'मदत' हा शब्द दिसला तर मी स्वतः येऊन खोडीन. लिही: किती नमुने, किती प्रबंध त्या वर्णपटांवर उभे राहिले, कुठला रेणू चुकीचा ओळखला होता आणि त्यांनी दुरुस्त केला. आणि मुख्य पत्र तू लिहायचं नाहीस. मॅडमच्या तोडीच्या, शक्यतो बाहेरच्या माणसाकडून घ्यायचं. तू कच्चा मसुदा दे.

काडीपेटी:
इथे मी ब्युरेटकाकांशी सहमत. आणि आभार न मानणं ही चोरीच आहे, त्यात बाई-पुरुष काही नाही.

रेषेवरची:
काडीपेटी सहमत! स्क्रीनशॉट काढून ठेवते. घाईगडबड, एक सांगू? निरोप समारंभाला जुने विद्यार्थी येतीलच. त्याच दिवशी प्रत्येकाकडून लिहून घे, नंतर कुणी हाताला लागत नाही. आणि मॅडमना सांग. पेपरांची यादी त्यांच्याशिवाय कोण देणार?

घाईगडबड:
विचारलं आत्ताच. आधी 'वेड लागलंय का तुला' म्हणाल्या. मग उठून कपाटातून नोंदवह्या काढल्या. १४ आहेत. प्रत्येक नमुना, तारीख, कुणाचा, कशासाठी, सगळं त्यांच्या अक्षरात. पहिली वही घेऊन बसले आहे. मोजायला दोन-तीन आठवडे लागतील. पत्रिकेत नुसतं नाव छापा म्हणून कळवलं. मुख्य पत्र कुणाकडून घ्यायचं यावर कुणाला काही सुचत असेल तर सांगा.

ऊर्ध्वपातन:
ज्यांचे नमुने त्या वह्यांत सर्वात जास्त आहेत, त्यांच्यापैकी कोण आता बाहेर मोठ्या पदावर आहे ते बघा.

रसायनप्रेमी७७:
धागा वाचला नाही, पण ताई, लॉरिअल-युनेस्को बघितलं का?